अर्धे काम मनोऱ्याचे, अर्धे गावाचे



'ग्रहण' या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. चंद्रसूर्याला लागते ते एक ग्रहण. समोरून आलेली वस्तू हातात घेणे, आपलीशी करणे, हे दुसरे ग्रहण. आज आपण बोलणार आहोत ते या दुसऱ्या ग्रहणाविषयी. दूर कुठेतरी एक उंच मनोरा उभा असतो. तिथून चित्र आणि आवाज आकाशात सोडले जातात, त्याला प्रक्षेपण म्हणतात. ते आपल्या गावात पकडायचे, म्हणजे ग्रहण करायचे. प्रक्षेपणाची उद्घाटने होतात, फिती कापल्या जातात, वर्तमानपत्रात छायाचित्रे येतात. ग्रहणाचे तसे काही होत नाही. ते होते तुमच्या ओसरीवर, शाळेच्या खोलीत, चावडीवर. आणि खेड्याच्या दृष्टीने खरी गोम तिथेच आहे. बी कितीही चांगले असले तरी वाफसा नसेल तर ते उगवत नाही, तसेच हे.

आधी एक साधा प्रश्न घेऊ. रेडिओ डोंगरापलीकडच्या गावात ऐकू येत असे, मग टेलिव्हिजनचे चित्र का दिसत नसे?

याचे उत्तर लाटांच्या लांबीत आहे. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची एकेक लाट काहीशे मीटर लांब असते. एवढी लांब लाट जमिनीच्या अंगाने पसरते, टेकडीला वळसा घालते, उतार उतरून खोऱ्यात शिरते. टेलिव्हिजनच्या लाटा आखूड. जुन्या काळी मुंबई-दिल्लीला वापरात होत्या तसल्या लाटांची लांबी चार-पाच मीटर किंवा त्याहूनही कमी. आखूड लाट बहुतांशी सरळ रेषेत धावते. कंदिलाचा उजेड भिंतीपलीकडे जात नाही, तशीच ही लाट डोंगरापलीकडे नीट उतरत नाही. म्हणून टेलिव्हिजनचा नियम असा की, मनोऱ्याच्या टोकावरून तुमचे गाव 'दिसले' पाहिजे.

आणि डोंगर नसला तरी पृथ्वी गोल आहे. सपाट मुलुखातसुद्धा काही अंतरानंतर जमिनीचा फुगवटाच आड येतो. शिक्षक मित्रांना वर्गात फळ्यावर मांडता येईल असे एक ठोकळ गणित सांगतो. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला चाराने गुणा. येईल तो पल्ला, किलोमीटरमध्ये. शंभर मीटर उंचीचा मनोरा असेल तर वर्गमूळ दहा, पल्ला सुमारे ४० किलोमीटर. आता पल्ला दुप्पट करायचा, तर उंची दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. ४०० मीटर उंची तेव्हा कुठे ८० किलोमीटर! एवढा उंच लोखंडी मनोरा उभारायचा म्हणजे खर्च अफाट. त्यापेक्षा देवाने दिलेला डोंगरच वापरावा हे शहाणपणाचे.

आपल्याकडे झालेही तसेच. भारतात टेलिव्हिजन प्रथम दिल्लीत आला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईला तो यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दाखवण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपक बसला. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या घरात आणि पुणे सुमारे साडेपाचशेवर. म्हणजे पुणेकराच्या डोक्यावर साडेसातशे मीटर उंचीचा मनोरा फुकटात मिळाला. मघाचे गणित लावले तर पल्ला शंभर किलोमीटरच्या वर जातो. पण नीट ध्यानात घ्या, हा पल्ला मोकळ्या बाजूचा. डोंगराची एखादी सोंड मध्ये आली की तिच्या मागचे खोरे लाटांच्या सावलीत जाते. गडाच्या पायथ्यापासून जवळच्या वाडीला चित्र नाही आणि चाळीस कोसांवरच्या माळावर मात्र अंधुक का होईना दिसते, असा प्रकार डोंगरी मुलुखात घडू शकतो. यात कोणी कोणावर अन्याय केलेला नसतो. लाटेचा स्वभावच तसा.

जिथे मोठ्या केंद्राची लाट पोचत नव्हती तिथे लहान प्रक्षेपक बसवण्यात आले. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ भरले, त्याच वर्षी रंगीत चित्र आले आणि उपग्रहाच्या साहाय्याने देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दाखवण्यास आरंभ झाला. पुढे १९८४ साली काही महिने तर जवळजवळ दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपक उभे राहिले. यांतले पुष्कळसे शंभर वॅटचे. शंभर वॅट म्हणजे किती? पूर्वी घरात पिवळा, प्रखर दिवा लावायचो ना, तेवढी शक्ती! तेवढ्यावर तालुक्याचे गाव आणि आजूबाजूचे पंधरावीस किलोमीटर भागत. मोठ्या शक्तीची केंद्रेही निघाली. मराठवाड्यात अंबाजोगाईला उंच जागा हेरून असे केंद्र उभारले गेले.

त्या दिवसांतले घराचे छप्पर आठवा. बांबूला किंवा लोखंडी नळीला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना बांधलेला असे. जपानमधल्या उदा आणि यागी या दोन संशोधकांनी १९२६ साली शोधून काढलेली ही रचना. मागची लांब काडी लाटेला पुढे ढकलते, पुढच्या आखूड काड्या तिला वाट दाखवतात आणि मधली काडी ती पकडते. त्या काड्यांचे तोंड मनोऱ्याकडे असले पाहिजे, नाहीतर पडद्यावर नुसत्या मुंग्या! एकजण छपरावर, एकजण दारात, एकजण आत. "आलं का?" "नाही, थोडं डावीकडं फिरव." "आता?" "गेलं की रे होतं तेही!" हा संवाद महाराष्ट्रातल्या कोणत्या गावी झाला नाही?

कधी एका माणसाच्या शेजारी त्याचेच भूत उभे दिसे. त्याचे कारण सोपे आहे. एक लाट सरळ येई आणि दुसरी समोरच्या कड्यावर आपटून उशिरा येई. कड्यावरून येताना तीनशे मीटर जादा चालावे लागले, तर ती सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी मागे पडते. तेवढ्या उशिराने पडद्यावर चित्र जवळजवळ एक सेंटिमीटर बाजूला सरकते. म्हणजे कडा किती लांब आहे हे भुताच्या अंतरावरून मोजता येते. विज्ञानाचा किती सुंदर पाठ छपरावर फुकट चालला होता पाहा!

पण मंडळी, मनोऱ्यामागून मनोरे उभारून सहा लाख खेड्यांपर्यंत पोचायचे तर पिढ्या जातील, हे विक्रम साराभाईंनी फार आधी ओळखले होते. त्यांचे म्हणणे असे की मनोरा जमिनीवर कशाला, आकाशातच ठेवू. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह ठेवला की तो पृथ्वीबरोबरच फिरतो आणि आपल्याला एकाच जागी स्थिर दिसतो. तिथून बघितले तर कुठला डोंगर आड येणार? १९६९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले, पण काम थांबले नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे बरोबर एक वर्ष, नासाचा एटीएस-६ हा उपग्रह आपल्याला वापरायला मिळाला. या प्रयोगाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'साइट' म्हणत. त्याची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्यांत एकनाथ वसंत चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञही होते.

सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी निवडली होती, आणि तीही मुद्दाम मागासलेली, आडवळणाची. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण आपल्या सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा, आणि पलीकडचे रायचूर, हे जिल्हे होते. गावात शाळेत किंवा पंचायतीत सर्वांसाठी मिळून एक संच. छपरावर तीन मीटर रुंदीची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री. सकाळी दीड तास मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, गाणी, बातम्या. हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया अशा चार भाषांत. त्याच वर्षी सुटीच्या दिवसांत सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे शिक्षण या पडद्यावरून देण्यात आले. ज्या खेड्यांत सिनेमाचा तंबूही गेला नव्हता, तिथे थेट आकाशातून चित्र उतरले!

वर्ष संपले, उसना उपग्रह परत गेला आणि संच रिकामे झाले. काही भागांत लोकांची अडचण ओळखून नंतर जमिनीवरची केंद्रे काढली. गुलबर्ग्याला असे केंद्र १९७७ साली निघाले. पण उसन्या बैलावर किती दिवस औत चालणार, हा धडा आपण शिकलो. पुढे इन्सॅट मालिकेतले आपले स्वतःच्या मालकीचे उपग्रह वर गेले, त्याच्या मुळाशी हे एक वर्ष आहे.

त्याच सुमारास गुजरातेत आणखी एक प्रयोग चालू होता. मला तो मोठ्या उपग्रहाइतकाच मोलाचा वाटतो. खेडा जिल्ह्यात नडियादजवळ पीज नावाचे गाव आहे. तिथे १९७५ साली एक किलोवॅटचा लहानसा प्रक्षेपक बसवला. पल्ला पस्तीसेक किलोमीटर, आसपासच्या चारशेच्या घरातल्या गावांत सार्वजनिक संच. वैशिष्ट्य असे की कार्यक्रम त्याच भागातले. तिथल्याच लोकांच्या बोलीत, तिथल्याच प्रश्नांवर. शेतमजुराची मजुरी, अस्पृश्यता, दारू, बाईमाणसाचे हाल, सारे काही. कार्यक्रम करणारे गावोगाव जात, लोकांशी बोलून विषय ठरवत, दाखवून झाल्यावर पुन्हा विचारत, की बाबांनो, पटले का? १९८४ साली ग्रामीण संपर्काच्या कामाबद्दल या प्रयोगाला युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. आणि १९८५ साली तो प्रक्षेपक बंद करून हलवण्यात आला! लोकांनी विरोध केला. दिल्ली-अहमदाबादचे चित्र त्यांना मिळणार होतेच, कदाचित आधीपेक्षा स्वच्छ मिळणार होते. मग विरोध कशासाठी? कारण त्या पडद्यावर ते स्वतः दिसत होते, ते आता दिसणार नव्हते. दुसऱ्याचे बोलणे ऐकू येणे निराळे आणि आपले बोलणे कोणीतरी ऐकणे निराळे.

आता आजच्या काळात येऊ. जमिनीवरचे ते जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केले आणि २०२२ पर्यंत, मोजकी ठिकाणे सोडली तर, ते इतिहासजमा झाले. छपरावरच्या काड्या आता कपडे वाळत घालायच्या कामी येतात. त्यांच्या जागी डिश आली, आपण तिला छत्रीच म्हणतो. दूरदर्शनची मोफत डिश सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. छत्री आणि पेटी एकदा विकत घेतली की महिन्याचे भाडे नाही. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी तीवर दिसते, आकाशवाणीच्या अनेक वाहिन्याही तीवर ऐकता येतात.

या सेवेचा उपग्रह आपल्या महाराष्ट्रातून पाहिले तर साधारण आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर आहे. साठ अंश म्हणजे जवळजवळ डोक्यावर. म्हणून सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीलासुद्धा आता डोंगर आडवा येत नाही. आडवे येते ते अंगणातले झाड. छत्री बसवली तेव्हा आंब्याचे रोप होते, दहा वर्षांत त्याचा डेरेदार वृक्ष झाला आणि लोक म्हणतात पेटी बिघडली! तेव्हा पेटी दुरुस्तीला नेण्याआधी आग्नेयेकडे मान वर करून बघा. एक खूणगाठ बांधा: या छत्रीची बैठक अशी असते की ती दिसते त्यापेक्षा बरेच वर बघते. म्हणून नुसत्या नजरेच्या अंदाजाने तिला हलवू नका, पडद्यावरचा दर्जाचा आकडा पाहत केसभर केसभर सरकवा.

पावसाळ्यात जोराची सर आली की चित्र गोठते. या सेवेच्या लाटा अवघ्या अडीच सेंटिमीटरच्या, पावसाचे दाट थेंब त्यांना खाऊन टाकतात. सर ओसरली की चित्र आपोआप येते. त्यासाठी काहीही फिरवू नका. मात्र छत्री आधीच थोडी वाकडी असेल तर साध्या भुरभुरीतही चित्र जाते, म्हणून मृगाआधी एकदा बोल्ट आवळून घ्यावेत. छत्रीच्या तोंडाशी गांधीलमाशीने घर केले आहे का, केबलच्या जोडात पाणी शिरले आहे का, तेही पाहावे. आणि विजा कडाडत असताना छपरावर कोणीही चढू नये, पेटीची पिनही काढून ठेवावी. क्रिकेटचा सामना पुन्हा होईल, माणूस पुन्हा यायचा नाही. वादळात वीज गेली तर टेलिव्हिजनही गप्प आणि मोबाइलचा मनोराही गप्प होऊ शकतो; अशा वेळी दोन सेलवरचा लहान रेडिओ घरात असू द्या. खेड्यातल्या माणसाने जुने साधन टाकून देण्याची घाई करू नये.

तर संचाचे ग्रहण असे सुधारले. डोंगराचा प्रश्न सुटला. पण श्रोतेहो, ग्रहणाची दुसरी पायरी अजून राहिली. संचाने चित्र पकडले, माणसाने काय पकडले?

याचे उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रातच झाला होता, टेलिव्हिजन यायच्या कितीतरी आधी. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे काढली. वीसेक माणसांचे एक मंडळ. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा. रेडिओ बंद झाला की खरे काम सुरू. ऐकले त्यावर चर्चा, काय जमेल आणि काय नाही याचा निवाडा, आणि उरलेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. केंद्र त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात देई. अभ्यासकांनी नंतर या गावांची तुलना दुसऱ्या गावांशी केली. काय आढळले? जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे लोकांच्या माहितीत फारशी भर पडली नव्हती. जिथे मंडळ होते, तिथे ती ठळकपणे पडली. रेडिओ तोच, कार्यक्रम तोच, आवाजही तोच. फरक एवढाच की एका जागी लोकांनी कानावरून जाऊ दिले आणि दुसऱ्या जागी एकमेकांच्या तोंडून पुन्हा वदवून घेतले.

हे सत्तर वर्षांपूर्वीचे झाले. आज घरोघर पडदा आहे, इतकेच काय, प्रत्येकाच्या तळहातावर आहे. ज्याचा त्याचा फोन, ज्याची त्याची करमणूक. पूर्वी गावात एक संच होता आणि त्याच्यापुढे शंभर माणसे बसत. आता शंभर संच आहेत आणि प्रत्येकापुढे एकेक माणूस. चित्र इतके स्वच्छ कधीच नव्हते; पण ऐकलेल्या गोष्टीवर "अरे, हे आपल्या रानात चालेल का?" असे विचारायला शेजारी कोणी नाही. औषधाची नवी जाहिरात येते, बाजारभावाची अफवा येते, आणि प्रत्येकजण एकटाच ठरवतो. एकट्या माणसाला फसवणे सोपे असते. चारचौघांत बसलेल्याला फसवणे अवघड.

म्हणून माझी विनंती आहे, आणि ती विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागली होती. ज्या घरी इंटरनेट नव्हते त्या घरीही ती पोचली. पण मूल एकटे पडद्यापुढे बसले ती गोष्ट वेगळी, आणि शेजारी आजी, ताई किंवा गुरुजी बसून "आता तू करून दाखव" म्हणाले ती वेगळी. पडदा सांगू शकतो. मुलाच्या कपाळावरची आठी त्याला दिसत नाही. ती तुम्हाला दिसते.

फार मोठे काही करायला नको. आठवड्यातला एक वार ठरवा. शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला संच लावा. शेतीचा, आरोग्याचा, कायद्याचा, जो गावाला हवा तो एक कार्यक्रम निवडा. अर्धा तास बघा आणि अर्धा तास बोला. बायामाणसांना मागे उभे करू नका, पुढे बसवा. बियाणे, पाणी आणि आजारपण यांची झळ त्यांना आधी लागते. एकाने वही ठेवावी. काय पटले, काय पटले नाही, काय करून पाहायचे, हे तीन रकाने पुरेत. जो प्रश्न सुटणार नाही तो लिहून किंवा फोन करून केंद्राला कळवा. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे, तिथेही विचारा. १९५६ साली पत्र जाऊन उत्तर यायला दिवस लागत. आज ते मिनिटांत होऊ शकते. साधन सुधारले आहे, सवय तेवढी मोडली आहे. ती पुन्हा लावायची आहे.

आणि आम्हा बोलणाऱ्यांसाठीही त्यात धडा आहे. ज्या गावाकडून प्रश्न येत नाही, त्या गावासाठी काय बोलावे हे स्टुडिओत बसून कळत नाही. पीजच्या लोकांना जे गेल्याचे दुःख झाले, ते तुमच्या एका पोस्टकार्डाने थोडे तरी परत येते. लाट मनोऱ्यापासून गावापर्यंत नेण्याचे काम इंजिनिअरांनी केले. गावापासून मनोऱ्यापर्यंत येणारी लाट मात्र तुम्हालाच सोडायची आहे.

तुमच्या प्रश्नांची वाट पाहतो.